राय म्हणायचं, प्यायचा मका: कॅनडाची व्हिस्की समजून घेताना

सप्टेंबर २०२५ मध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने मुख्यमंत्री, डग फोर्ड पत्रकारांसमोर उभे राहिले. त्यांनी क्राऊन रॉयल व्हिस्कीची बाटली उघडली आणि सगळ्यांच्या देखत जमिनीवर उपडी धरली. राग व्हिस्कीवर नव्हता, तिच्या मालक कंपनीवर होता. डियाजिओ या कंपनीने ॲम्हर्स्टबर्ग गावातला बाटल्या भरण्याचा कारखाना फेब्रुवारी २०२६ मध्ये बंद करायचं ठरवलं होतं. जवळपास २०० जणांच्या नोकऱ्या जाणार होत्या आणि तिथलं काही काम अमेरिकेत जाणार होतं.

तो व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि मामाने लगेच विचारलं, "म्हणजे आता क्राऊन रॉयल अमेरिकन झाली का रे?"

प्रश्न वाटतो त्यापेक्षा चांगला आहे. क्राऊन रॉयल आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती चवीमुळे नाही, तर पिशवीमुळे. ही बाटली जांभळ्या मऊ कापडाच्या, सोनेरी नाडीच्या पिशवीत येते. मिसिसॉगाला राहणारा आतेभाऊ दर खेपेला एक आणतो. बाटली पुरुषमंडळी संपवतात. पिशवी मावशीकडे जाते आणि भजनाचे टाळ त्यात राहतात. व्हिस्की म्हणजे स्कॉच हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की कॅनडाच्या व्हिस्कीबद्दल टाळांच्या पिशवीपलीकडे कुणाला फारसं काही माहीत नसतं.

कॅनडाची म्हणजे नेमकी कुठली?

मामाच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, झाली नाही.

कॅनडाचा कायदा तीन गोष्टी कॅनडातच व्हायला हव्यात असं सांगतो. धान्य तिथे भिजवून-शिजवून आंबवायचं, तिथेच गाळायचं आणि तिथेच लाकडी पिंपात मुरवायचं. पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं नको, मुरवण्याचा काळ ३ वर्षांपेक्षा कमी नको आणि बाटलीत मद्यार्क ४० टक्क्यांच्या खाली नको. बाटली कुठे भरायची याबद्दल मात्र अशी अट नाही. कॅनडातून टँकर भरभरून व्हिस्की अमेरिकेत जाते, तिथे पाणी घालून बाटलीत भरली जाते आणि तरीही लेबलवर कायदेशीरपणे 'कॅनेडियन व्हिस्की' असते. हापूस देवगडला पिकला आणि पेटी वाशीला भरली, तर आंबा वाशीचा होत नाही.

फोर्डसाहेबांनी ओतलेली व्हिस्की तशीही मुख्यतः त्यांच्या प्रांतात बनत नाही. क्राऊन रॉयलचं मोठं घर मॅनिटोबा प्रांतात, विनिपेग सरोवराच्या काठी गिमली नावाच्या छोट्या गावात आहे. १९६८ पासून तिथे ती गाळली जाते. म्हणजे नोकऱ्या ओंटारियोच्या, व्हिस्की मॅनिटोबाची आणि मालक लंडनचे.

आधी दोन मिनिटं मूळ कृतीसाठी

धान्य भरडायचं, गरम पाण्यात शिजवायचं, त्यातल्या पिठूळ भागाची साखर होऊ द्यायची, यीस्ट घालून आंबवायचं. तयार होतं ते बिअरसारखं फिकं, आंबूस पाणी. ते तापवलं की पाण्याआधी अल्कोहोलची वाफ होते. ती वाफ पकडून थंड केली की झालं डिस्टिलेशन. आपल्याकडे सरळ 'गाळणं' म्हणतात, मीही तेच म्हणेन.

गाळायची दोन तऱ्हेची यंत्रं असतात. एक तांब्याचा मोठा हंडा. त्यात एका वेळी एक घाणा निघतो. धान्याचा वास, तेलकटपणा, थोडा ओबडधोबडपणा हे सगळं वाफेबरोबर पुढे येतं. दुसरा उंच मनोरा, आत चाळण्यांचे मजलेच्या मजले. वाफ मजल्यागणिक स्वच्छ होत वर चढते आणि शेवटी ९४ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेलं, जवळजवळ बिनवासाचं पाणी मिळतं. हंडा चव राखतो, मनोरा चव गाळून टाकतो. कॅनडाची व्हिस्की या दोघांना एकत्र नांदवते. कशी, ते पुढे येईल. आधी नावाचा घोळ निस्तरू.

राय म्हणजे राई नव्हे

कॅनडात बारमध्ये कुणी "एक राय द्या" म्हणालं तर त्याला व्हिस्की हवी असते. राय हे गव्हाच्या कुळातलं धान्य आहे. दाणा बारीक, लांबट, करडा-हिरवट. फोडणीतल्या राईशी त्याचा संबंध नाही. कडाक्याची थंडी हे पीक सहज सोसतं. शरदात पेरलेली राय बर्फाखाली हिवाळा काढते आणि वसंतात पुन्हा वर येते. तिकडच्या शेतकऱ्यांना ती भरवशाची वाटते यात नवल नाही.

गंमत अशी, की राय म्हणून मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांत राय थोडीच असते. मोठा भाग मक्याचा.

ही फसवणूक वाटते. वाटणारच. पण घरातलं मेतकूट आठवा. नावात मेथी आहे, आणि डब्यात? हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू. मेथी असते चिमूटभर. तरी चव, वास आणि नाव तिचंच. कॅनडात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिठाच्या गिरण्यांचे मालक उरलेल्या गव्हातून दारू गाळायचे. ती अगदी सपक असायची. जर्मन आणि डच वस्तीतल्या लोकांनी आपल्या गावाकडच्या सवयीने त्यात थोडी राय घालायला लावली. चव चढली. लोक 'राय घातलेली द्या' म्हणू लागले, मग नुसतंच 'राय द्या'. पुढे गव्हाची जागा मक्याने घेतली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

कायद्यानेही ही बोली मान्य केली आहे. 'कॅनेडियन व्हिस्की', 'कॅनेडियन राय व्हिस्की' आणि 'राय व्हिस्की' ही तिन्ही नावं तिथल्या नियमात एकाच वस्तूची आहेत. किमान किती राय हवी याला आकडा नाही. अमेरिकेत मात्र राय व्हिस्की म्हणायची तर किमान ५१ टक्के राय लागते. म्हणून अमेरिकेची राय पिऊन आलेला माणूस कॅनडात राय मागतो आणि पहिल्या घोटाला गोंधळतो.

भाजणी की खिचडी?

आता खरा मुद्दा. माझ्या मते सगळी कॅनडाची व्हिस्की या एका फरकात आहे.

अमेरिकेची बर्बन करताना मका, राय आणि मोड आणलेला जव एकाच पातेल्यात शिजतात, एकत्र आंबतात, एकत्र गाळले जातात आणि एकाच पिंपात मुरतात. ही खिचडी. उत्तम लागते, पण डाळ-तांदळाचं प्रमाण चुलीवर चढवतानाच ठरलेलं असतं.

कॅनडात बहुतेक ठिकाणी भाजणी करतात. थालिपिठाच्या भाजणीत बाजरी, ज्वारी, हरभरा, धने असं प्रत्येक धान्य वेगळं भाजतात, कारण प्रत्येकाला आच वेगळी लागते. एकत्र घातलं तर धने करपतील आणि हरभरा कच्चा राहील. मग सगळं एकत्र करून दळायचं. इथेही मक्याची व्हिस्की वेगळी, रायची वेगळी, गव्हाची वेगळी, जवाची वेगळी. प्रत्येकीचं गाळणं वेगळं, पिंप वेगळं, मुरायची वर्षं वेगळी. ब्लेंडर, म्हणजे मिश्रण ठरवणारा माणूस, शेवटी या सगळ्यांच्या नमुन्यांपुढे बसतो आणि कशात किती घालायचं ते ठरवतो.

या धंद्यात अशा व्हिस्कींना दोन नावं आहेत. 'बेस व्हिस्की' म्हणजे पायाची. ती बहुतेकदा मक्याची, मनोऱ्यातून स्वच्छ गाळलेली, आधी वापरलेल्या पिंपात शांतपणे मुरलेली. मऊ, गोडसर, थोडी व्हॅनिला. 'फ्लेवरिंग व्हिस्की' म्हणजे चवीची. ती बहुतेकदा रायची, कमी गाळलेली, काही वेळा नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातली. नुसती प्यायली तर अनेकांना झेपत नाही.

मका पायाला का? एक तर त्यातून अल्कोहोल भरपूर निघतो. आणि राय शिजवायला मोठी खोडकर. तिचा लगदा गोंदासारखा चिकट होतो आणि आंबवताना फेस टाकीबाहेर येऊ पाहतो. कॅलगरीच्या अल्बर्टा डिस्टिलर्सनी मात्र १९४६ पासून हेच अवघड काम हाती धरलं आणि शंभर टक्के रायची व्हिस्की हीच त्यांची ओळख झाली. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टच्या व्हिसलपिग या महागड्या राय व्हिस्कीच्या सुरुवातीच्या बाटल्यांत याच कॅलगरीचा माल होता. अमेरिकन लोक शंभर-शंभर डॉलर देऊन, नकळत, कॅनडाचं कौतुक करत होते.

हे सगळं मला वाचून नीट कळलं नव्हतं. कळलं ते आतेभावाच्या स्वयंपाकघरात, जानेवारीत, बाहेर गुडघाभर बर्फ असताना. त्याने दोन ग्लास ठेवले. एकात मक्याची, साधी, रोजची व्हिस्की. वास भाजलेल्या कणसाला लोणी लावावं तसा. घोट गुळगुळीत, लगेच संपणारा, चांगला पण विसरण्याजोगा. दुसऱ्यात लॉट नंबर फॉर्टी. ही नुसत्या रायची, तांब्याच्या हंड्यातून काढलेली. नाक जवळ नेलं आणि लवंग, दालचिनी, सुताराच्या रंध्याखालून निघालेली ताजी साल, मागे कोरड्या गवताच्या गंजीचा वास. जिभेवर तिखट नाही, पण झणका. मग भावाने चहाचा चमचा घेतला. पहिल्या व्हिस्कीचे चार चमचे तिसऱ्या ग्लासात, त्यावर दुसरीचा एक. ढवळलं. मला वाटलं होतं चार आणि एक म्हणजे फरक कळणारही नाही. पण ती वेगळीच व्हिस्की झाली. लोणी तसंच, त्यावर फोडणी बसलेली. पाचातला एक चमचा राय आणि सगळ्या ग्लासाला तिचंच नाव द्यावंसं वाटत होतं. मेतकूट ते हेच.

न्यायाने हेही सांगायला हवं, की सगळेच भाजणीवाले नाहीत. कॅनेडियन क्लब या ब्रँडमध्ये वेगवेगळ्या व्हिस्की गाळल्यानंतर, पिंपात भरण्याआधीच एकत्र करतात आणि मग मुरवतात. गिमलीतही काही घाणे बर्बनसारखे, एकाच पातेल्यातल्या मिश्र धान्याचे असतात.

"पण ही तर रंगवलेली व्होडका!"

स्कॉचवाल्यांचा हा आवडता टोमणा. ९४ टक्क्यांपर्यंत गाळलं, म्हणजे चव गेली, मग लाकडाचा रंग चढवला, बस.

यातलं अर्धं खरं आहे. पायाची व्हिस्की पिंपात जाताना व्होडकाच्या जवळची असते. पण ती तशीच बाटलीत येत नाही. तीन वर्षं किंवा जास्त ती लाकडात राहते, श्वास घेते, काही गमावते, बरंच उचलते. आणि हा टोमणा मारणाऱ्याच्या हातात जॉनी वॉकरचा ग्लास असेल तर त्याला सांगा, की ब्लेंडेड स्कॉचचा पायाही असाच. तिथली ग्रेन व्हिस्कीही मनोऱ्यातूनच येते आणि ९४.८ टक्क्यांच्या खालपर्यंत गाळायची तिला मुभा आहे. फरक इतकाच, की तिथे वरून घालायची चव माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या जवाची, आणि इथे बहुधा रायची.

दुसरा गैरसमज अमेरिकेच्या 'ब्लेंडेड व्हिस्की'मुळे होतो. तिथे या नावाखाली ८० टक्क्यांपर्यंत न मुरवलेलं साधं स्पिरिट, म्हणजे नुसती गाळलेली दारू, चालतं. कॅनडाच्या मिश्रणात मिसळल्या जातात त्या व्हिस्कीच, प्रत्येक तीन वर्षांची मुरलेली. शब्द एक, वस्तू दोन.

मुरवण्याच्या बाबतीत तर कॅनडाने इतरांच्या आधी कायदा केला. १८९० मध्येच व्हिस्की दोन वर्षं मुरवायची सक्ती तिथे आली. ब्रिटनला तशी सक्ती करायला १९१५ उजाडलं. कॅनडाने दोनाची तीन वर्षं केली ती १९७४ मध्ये.

९.०९ टक्क्यांची भानगड

कॅनडाच्या व्हिस्कीत बाहेरचं काही मिसळतात, हा आक्षेप मात्र मला पटतो, निदान अर्धा.

कायदा म्हणतो, की कॅनडाच्या व्हिस्कीत ९.०९ टक्क्यांपर्यंत दुसरं काही घालता येतं. शेरी, दुसरी वाइन किंवा दुसरं स्पिरिट. स्पिरिट असेल तर ते किमान दोन वर्षं लाकडात मुरलेलं हवं. हा विचित्र आकडा म्हणजे अकरातला एक भाग. दहा माप व्हिस्की, एक माप बाहेरचं. शिवाय रंगासाठी कॅरामलही चालतं, पण ते स्कॉचलाही चालतं.

असा नियम का केला? मुळाशी कर आहे. अमेरिकेने तिथल्या मालाचा अंश असलेल्या दारूला करात सवलत दिली. मग कॅनडावाल्यांनी अमेरिकेत जाणाऱ्या स्वस्त व्हिस्कीत थोडं अमेरिकन स्पिरिट घालायला सुरुवात केली. दुधात पाणी घालायचं आणि पाण्यावर अनुदान मिळवायचं, असा हा व्यवहार. चवीचा त्यात काही संबंध नव्हता.

पण याच नियमाचा चांगला उपयोगही झाला आहे. अल्बर्टा राय डार्क बॅच या व्हिस्कीच्या मालकांनी हे लपवलं नाही, उलट सांगितलं: ९१ टक्के राय, ८ टक्के बर्बन, १ टक्का शेरी. त्या एका टक्क्याने व्हिस्कीला भिजवलेल्या मनुकांचा वास येतो. माझा आक्षेप घालण्यावर नाही, न सांगण्यावर आहे. लेबलवर हे छापायची सक्ती नाही, ती असायला हवी.

सफरचंद, पीच, व्हॅनिला अशा चवींच्या बाटल्या हा वेगळाच विषय. क्राऊन रॉयलची सफरचंदवाली ३५ टक्के मद्यार्काची आहे, म्हणजे कायद्याने ती कॅनेडियन व्हिस्की नाहीच. ती फ्लेवर्ड व्हिस्की. गोड आवडत असेल तर जरूर घ्या, पण तिच्यावरून खानदानाची परीक्षा करू नका.

दारूबंदीने कॅनडा श्रीमंत झाला?

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. कॅनडाच्या विंडसर शहरातून डेट्रॉइट नदीपलीकडे दिसतं. हिवाळ्यात नदी गोठली की गाड्या बर्फावरून दारू घेऊन जायच्या. या गोष्टी खऱ्या आहेत आणि सांगायला झकास आहेत. त्यावरून निघणारा निष्कर्ष मात्र कच्चा आहे.

हायरम वॉकर हा डेट्रॉइटचा किराणा दुकानदार. त्याने १८५८ मध्ये नदीपलीकडे कॅनडात भट्टी टाकली. त्याची 'क्लब व्हिस्की' अमेरिकेत इतकी खपली, की तिथल्या गाळणाऱ्यांनी बाहेरच्या मालावर देशाचं नाव लिहायची सक्ती आणवली. लेबलवर 'कॅनेडियन' शब्द चढला आणि तोच तिचा दिमाख झाला: कॅनेडियन क्लब. म्हणजे खपाचे दिवस बंदीच्या खूप आधीचे. बंदी ऐन भरात असताना, १९२६ मध्ये, वॉकर कुटुंबाने सगळा कारभार विकून टाकला. सोन्याची खाण कुणी अशी विकत नाही.

बंदीच्या काळात मोठा झाला तो सॅम्युएल ब्रॉनफमन. यिद्दिशमध्ये या आडनावाचा अर्थच दारूवाला, आपल्याकडच्या कलाल आडनावासारखा. १९२८ मध्ये त्याने वॉटर्लू गावची जुनी सीग्रॅम कंपनी घेतली आणि १९३९ मध्ये राजे सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ कॅनडाच्या दौऱ्यावर आले तेव्हा त्यांच्यासाठी खास मिश्रण केलं. जांभळी पिशवी तिथली.

सीग्रॅम हे नाव वाचून काही आठवलं? टीव्हीवरच्या 'म्युझिक सीडी'च्या जाहिराती, महामार्गावरच्या पाट्या, रॉयल स्टॅग, ब्लेंडर्स प्राइड. २००० नंतर सीग्रॅमचं साम्राज्य फुटलं. क्राऊन रॉयल डियाजिओकडे गेली, भारतातले ब्रँड पेर्नो रिकार या फ्रेंच कंपनीकडे. ओंटारियोतल्या गावच्या एका दारूवाल्याचं नाव आपल्या धाब्यांवर झळकतंय ते असं. त्या बाटल्यांचा कॅनडाशी संबंध मात्र नावापुरताच आहे. यातल्याच इम्पिरियल ब्लूचा सौदा जुलै २०२५ मध्ये जाहीर झाला. घेणारी कंपनी श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरची.

दुकानात उभं राहिल्यावर

पहिली गोष्ट, 'राय' शब्दावर जाऊ नका, 'शंभर टक्के राय' असं लिहिलंय का ते बघा. लॉट नंबर फॉर्टी, अल्बर्टा प्रीमियम, कॅनेडियन क्लबची शंभर टक्के राय, या खऱ्या रायच्या. क्राऊन रॉयल नॉर्दर्न हार्वेस्टमध्ये ९० टक्के राय आहे. समीक्षक जिम मरे यांनी २०१६ सालासाठी तिला जगातली सर्वोत्तम व्हिस्की ठरवलं तेव्हा ती कॅनडात अगदी मध्यम किमतीत मिळत होती. काही दिवसांत दुकानं रिकामी झाली. बक्षीस एका माणसाच्या जिभेचं असतं, हे मी विसरत नाही. पण बाटली चांगली आहे.

आजवर फक्त ब्लेंडेड स्कॉच प्यायला असाल आणि काही स्कॉचमध्ये येणारी धुराची चव आवडत नसेल, तर साधी क्राऊन रॉयल किंवा जे. पी. वायझर्सची डीलक्स. मऊ, गोडसर, सोडा-पाण्यात चालणारी. भाजणीचा अंदाज घ्यायचा असेल तर गुडरहॅम अँड वर्ट्सची फोर ग्रेन: मका, राय, गहू, जव, चारही एका बाटलीत. लाकडाची हौस असेल तर फॉर्टी क्रीकची कॉन्फेडरेशन ओक. तिच्यासाठी पिंपंही कॅनडाच्याच ओकची, आणि कॅनडाच्या थंडीत वाढलेल्या ओकचं लाकूड दाट असतं.

वयाचा आकडा बाटलीतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचा असतो. गोव्याच्या उकाड्यात पिंपातून व्हिस्की झपाझप उडते आणि पाच-सात वर्षांत पोक्त होते. कॅनडाच्या थंडीत सगळं सावकाश चालतं. म्हणून तिकडचा बारा-अठरा वर्षांचा आकडा पाहून बिचकू नका, आणि भुलूही नका. वायझर्सची अठरा वर्षांची तेवढ्याच वयाच्या स्कॉचच्या तुलनेत बरीच स्वस्त पडते. कॅनडाच्या व्हिस्कीत मला सगळ्यात जास्त पैसावसूल वाटतो तो इथे.

सिंगल माल्टवाल्यांनीही, म्हणजे एकाच भट्टीतली नुसत्या माल्टची व्हिस्की पिणाऱ्यांनीही, निराश व्हायचं कारण नाही. नोव्हा स्कोशियातली ग्लेन ब्रेटन आहे. 'ग्लेन' हा शब्द फक्त स्कॉटलंडचा असं म्हणत स्कॉच व्हिस्की असोसिएशनने तिला अनेक वर्षं कोर्टात खेचलं, आणि २००९ मध्ये ग्लेन ब्रेटन जिंकली.

आणि प्यायची कशी? तिथला घरगुती प्रकार म्हणजे 'राय अँड जिंजर'. बर्फ, व्हिस्की, वर जिंजर एल, म्हणजे आल्याच्या चवीचं गोड सोडापेय. तेही टोरोंटोचंच: कॅनडा ड्राय जिंजर एल जॉन मॅक्लॉफलिन यांनी १९०४ मध्ये तिथे केलं. शंभर टक्के राय असेल तर आधी एक घोट नुसता घ्या, मग दोन थेंब पाणी. शेवसुद्धा बाजूला ठेवा, लसूणशेव तर नकोच. सगळी लवंग-दालचिनी लसूण खाऊन टाकतो.

आपल्याकडे?

इकडच्या दुकानांत कॅनडाच्या बाटल्या क्वचित दिसतात, आणि दिसल्या तर किंमत बघून माणूस पुढच्या कप्प्याकडे वळतो. आयात व्हिस्कीवर १५० टक्के शुल्क आहे. बर्बनचं फेब्रुवारी २०२५ मध्ये १०० वर आलं. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये झालेल्या करारात स्कॉचचं आधी ७५ आणि मग दहा वर्षांत ४० पर्यंत उतरायचं ठरलं. कॅनडाशी हे लिहीपर्यंत तसा करार झालेला नाही. तेव्हा स्कॉच स्वस्त होत जाईल आणि कॅनडाची आहे तिथेच राहील.

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ लागतं आणि कायद्याने परवानाही. ओंटारियोत १९. प्रमाणाबद्दल कॅनडानेच २०२३ मध्ये कडक भूमिका घेतली: आठवड्याला एक-दोन ड्रिंक म्हणजे कमी धोका, सात किंवा जास्त म्हणजे वाढत जाणारा धोका. तिकडचं एक ड्रिंक म्हणजे ४३ मिलिलिटर व्हिस्की, आपल्या छोट्या आणि मोठ्या पेगच्या मध्ये. आमच्या मामाने हा आकडा दोनदा वाचला आणि ही मोजणी 'आठवड्याला' आहे की 'दिवसाला' ते पुन्हा विचारलं.

राहता राहिला विमानतळ. भारतात येताना माणशी २ लिटर दारू शुल्क न भरता आणता येते. कॅनडात मोठी बाटली १.१४ लिटरची मिळते, आणि तशा दोन घेतल्या की २.२८ लिटर होतात. आतेभाऊ एकदा याच हिशेबात चुकला आणि कस्टमच्या टेबलापुढे घामाघूम झाला. तेव्हापासून तो ७५० मिलिलिटरच्या दोन घेतो. एक कुठलीही, पण दुसरी क्राऊन रॉयलच, कारण मावशीच्या भजनी मंडळात आता आणखी तिघींना टाळांसाठी पिशवी हवी आहे.